बाबांची क्लोपिडोग्रेल, आईची फिटची गोळी आणि लाळेची तपासणी: कुणाची करावी, कुणाची नको

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी विचारलं आहे: बाबा ६८ वर्षांचे, गेल्या महिन्यात अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, शिवाय पित्त होतं म्हणून रोज सकाळी ओमेप्राझोल. आईला बऱ्याच वर्षांपूर्वी फिटच्या गोळीने अंगभर फोड आले होते, तोंड आतून सोलवटलं होतं, रुग्णालयात ठेवावं लागलं. डायबेटिस तर घरात आजोबांपासून आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, चौघांची लाळ पाठवून जनुकीय तपासणी करून घेऊ, कुणाला कोणतं औषध चालेल याचा सगळा रिपोर्ट येतो. करावी का?

चौघांची सरसकट करू नका. बाबांची एकाच जनुकापुरती करण्यात अर्थ असू शकतो, पण ते त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवावं. आणि त्याच्याही आधी ओमेप्राझोल बदलता येईल का, हे विचारा. आईला तपासणीपेक्षा एका कार्डाची गरज आहे. डायबेटिससाठी, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी, नको. आता कारणं सांगते, कारण नुसतं 'नको' ऐकून भाऊ गप्प बसणार नाही.

इतकी वर्षं बडोद्यात औषधशास्त्र शिकवताना आणि ओपीडीत बसताना मी एकच नियम पाळत आले: आधी औषधाचं नाव सांगा, मग जनुकाचं बोलू. 'माझी जनुकं तपासा आणि मला काय चालेल ते सांगा' या प्रश्नाला आजच्या विज्ञानाकडे बरं उत्तर नाही. 'मला अमुक गोळी सुरू करायची आहे, माझं शरीर ती नीट हाताळेल का?' या प्रश्नाला मात्र काही मोजक्या गोळ्यांच्या बाबतीत फार चांगलं उत्तर आहे. बाबांची गोळी त्या मोजक्यांपैकी आहे.

क्लोपिडोग्रेल आपण गिळतो त्या रूपात काहीच काम करत नाही. विरजण लागल्याशिवाय दुधाचं दही होत नाही, तसं यकृतातल्या एन्झाइमचा हात लागल्याशिवाय तिचं औषध होत नाही. शोषल्या गेलेल्या औषधातला सुमारे ८५ टक्के भाग तर रक्तातली आणि यकृतातली दुसरी एन्झाइम परस्पर निकामी करून टाकतात. उरलेल्या १५ टक्क्यांवर यकृतात दोन टप्प्यांत प्रक्रिया होते, आणि त्यातून जो पदार्थ तयार होतो तो रक्तातल्या प्लेटलेट्सना कायमचा चिकटतो. प्लेटलेटचं आयुष्य आठवडा-दहा दिवसांचं. तेवढे दिवस ती गुठळी करायच्या कामाची राहत नाही. या दोन्ही टप्प्यांत महत्त्वाचं काम करणारं एन्झाइम म्हणजे सीवायपी२सी१९.

या एन्झाइमच्या जनुकाची एक बिघडलेली आवृत्ती आहे, तिला 'स्टार दोन' म्हणतात. ती असेल तर एन्झाइम तयारच होत नाही. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दक्षिण आशियातल्या लोकांत साधारण दर तीन प्रतींमागे एक 'स्टार दोन' सापडते. हिशेब केला तर निम्म्याहून अधिक लोकांत निदान एक प्रत बिघडलेली, आणि दहातल्या एकाच्या आसपास लोकांत दोन्ही. युरोपीय लोकांपेक्षा हे प्रमाण आपल्यात बरंच जास्त आहे. म्हणून ही गोष्ट इथे दुर्मीळ आजारासारखी बाजूला ठेवता येत नाही. तुमच्या वाड्यात चार जण क्लोपिडोग्रेल घेत असतील तर त्यातल्या दोघांत ती थोडीफार कमी तयार होत असणार.

मग गोळी अशा माणसांत फुकट जाते का? २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात, बहुतेक अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांत, असं दिसलं की एक प्रत बिघडलेली असेल तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका अडीच पटींहून जास्त, दोन्ही असतील तर जवळजवळ चौपट. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा टाकला. हे आकडे भावाला फार आवडतील. पण पट म्हणजे कशाच्या पट, हेही बघायला हवं: नीट बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होणं मुळातच कमी लोकांत घडतं. कमीची चौपट गंभीर असते, पण ती 'आता होणारच' नव्हे.

तपासणी करून औषध बदललं तर खरंच फरक पडतो का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे चित्र भावाला वाटतं तितकं स्वच्छ नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या टेलर-पीसीआय या मोठ्या चाचणीत पाच हजारांवर रुग्ण होते. जनुक पाहून ज्यांचं औषध बदललं त्यांच्यात एका वर्षात मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे घटना ४.० टक्के, ज्यांचं पाहिलं नाही त्यांच्यात ५.९ टक्के. कौल तपासणीच्या बाजूचा दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो थोडक्यात कमी पडला. त्याच्या आदल्या वर्षी नेदरलँड्समधल्या चाचणीने प्रश्न उलटा विचारला होता: सगळ्यांना जोरकस औषध देण्याऐवजी जनुक चांगलं असलेल्यांना साध्या क्लोपिडोग्रेलवर आणलं तर? तर गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव कमी झाला. मला ही दुसरी चाचणी जास्त शहाणी वाटते. तपासणीचा उपयोग घाबरवायला करण्यापेक्षा, कुणाला जोरकस औषधाची गरज नाही हे ओळखायला करणं बरं.

पर्याय आहेत. टिकाग्रेलॉरला या एन्झाइमची गरज लागत नाही; पण ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते, काहींना धाप लागल्यासारखं होतं, आणि रक्तस्राव जास्त होतो. जेनेरिक आल्यापासून किंमत उतरली आहे. प्रासुग्रेल हा दुसरा पर्याय, ती आधी पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत. वय ७५ वर्षांच्या पुढे किंवा वजन ६० किलोच्या आत असेल तर जपून. बाबांचं वजन किती, पूर्वी कधी तोंड वाकडं झालं होतं का, शौचाला काळं झालं होतं का, हे सगळं या निवडीत जनुकाइतकंच मोजलं जातं. डॉक्टरांनी आधीच टिकाग्रेलॉरचा विचार करून तो सोडलाही असेल, विचारा. स्टेंट गुंतागुंतीच्या जागी असेल, साखर असेल, किंवा क्लोपिडोग्रेल चालू असतानाच छातीत पुन्हा दुखलं असेल, तर तपासणी मी नक्की मागेन. नुसत्या कुतूहलापोटी नाही. आणि रिपोर्ट काहीही येवो, क्लोपिडोग्रेल स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. स्टेंटनंतरच्या पहिल्या महिन्यांत गोळी मध्येच सोडणं हे कुठल्याही 'स्टार दोन'पेक्षा वाईट.

आता ओमेप्राझोल. 'गॅसची गोळी' म्हणून मेडिकलवाल्याकडून सहज घेतली जाणारी ही गोळी याच सीवायपी२सी१९मुळे शरीरातून बाहेर जाते, आणि जाता जाता त्याच एन्झाइमला अडवते. म्हणजे बाबांचं जनुक अगदी उत्तम असलं तरी रोज सकाळी ओमेप्राझोल घेतल्यावर एन्झाइम काही प्रमाणात गप्पच. लाळेचा रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणेल, यकृत मात्र तसं वागणार नाही. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलसोबत टाळा, असं माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. पँटोप्राझोल या बाबतीत बरीच सौम्य आहे. बदल डॉक्टरांना विचारूनच करा, पण विचारा नक्की. बुरशीसाठी फ्लुकोनाझोल आणि नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन याही अशाच आडव्या येणाऱ्या गोळ्या. गंमत अशी, की ज्यांच्या दोन्ही प्रती 'स्टार दोन' आहेत त्यांच्यात ओमेप्राझोल जास्त वेळ टिकते आणि पित्त जास्त चांगलं आवरते. एकच जनुक, एका गोळीला मारक आणि दुसरीला तारक. 'चांगली जनुकं' आणि 'वाईट जनुकं' असं लिहून येणाऱ्या रंगीत रिपोर्टांवर माझा विश्वास बसत नाही, त्याचं हे एक कारण.

आईंचं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. बाबांच्या बाबतीत प्रश्न औषध किती तयार होतं याचा. आईंच्या बाबतीत शरीराच्या संरक्षण यंत्रणेने औषधालाच शत्रू ठरवलं. अंगावर फोड, तोंडाची आतली त्वचा सुटणं, हे वर्णन स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखं वाटतं. यात जीव जाऊ शकतो. कार्बामाझेपिन या फिटच्या गोळीने हे होतं तेव्हा त्याचा संबंध एचएलए-बी*१५:०२ या जनुक-प्रकाराशी आहे, हे २००४ साली तैवानमध्ये उघड झालं. तिथे अशा ४४ रुग्णांपैकी ४४ जणांत तो सापडला. तीच गोळी सुखरूप घेणाऱ्या १०१ जणांत फक्त तिघांत. औषधशास्त्रात इतका सरळ संबंध क्वचित दिसतो. २००७ साली अमेरिकेत आशियाई वंशाच्या रुग्णांना गोळी सुरू करण्याआधी ही तपासणी करण्याची सूचना आली. आपल्याकडे गुजरातमधल्या संशोधकांनी २००९ साली आठ रुग्णांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सहा जणांत हाच प्रकार निघाला. भारतीयांत याचं प्रमाण आग्नेय आशियापेक्षा कमी आहे, साधारण २ ते ४ टक्के, काही समाजांत जास्त.

आईंना आता तपासून काय मिळणार? जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. तपासणी निगेटिव्ह आली तरी ती गोळी त्यांना आयुष्यात पुन्हा द्यायची नाही. निगेटिव्ह म्हणजे सुरक्षित असंही नाही, कारण एचएलए-ए*३१:०१ सारखे दुसरेही प्रकार आहेत, आणि काही कारणं अजून कळलेलीच नाहीत. त्यांना हवं आहे ते कार्ड: गोळीचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे, आतल्या रसायनाचं), साल, काय झालं होतं. पर्समध्ये एक, बाबांच्या पाकिटात एक. आईंची गोळी कार्बामाझेपिन असेल तर लक्षात ठेवा, ती फक्त फिटसाठी देत नाहीत. चेहऱ्याच्या शिरेच्या कळांसाठी तीच पहिली गोळी आहे. दहा वर्षांनी दातांचे डॉक्टर किंवा नवीन फिजिशियन ती भलत्याच नावाने लिहून देऊ शकतात. ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन याही रचनेने तिच्या नात्यातल्या, म्हणून त्यांचीही नावं कार्डावर हवीत.

तुम्हा भावंडांना आईंकडून ती प्रत मिळाली असण्याची शक्यता आहे. म्हणून कधी कार्बामाझेपिन सुरू करायची वेळ आली तर तेव्हा, सुरू करायच्या आधी, एचएलए-बी*१५:०२ तपासा. आज नको. जे लोक ही गोळी वर्षानुवर्षं सुखरूप घेत आहेत त्यांनीही हे वाचून धावू नये. ही प्रतिक्रिया जवळजवळ नेहमी पहिल्या काही महिन्यांतच येते.

आता भावाच्या मूळ कल्पनेकडे येते, की संशोधन इतकं पुढे गेलंय तर सगळ्यांनी तपासून का घेऊ नये. जनुकांच्या अभ्यासाचा सगळ्यात मोठा फायदा पुष्कळदा कुणालाही न तपासता मिळतो. क्षयरोगावरची आयसोनियाझिड १९५२ साली वापरात आली, आणि काही वर्षांतच दिसलं की माणसांचे दोन गट पडतात: काही जण ती झपाट्याने संपवतात, काही जण हळू. एनएटी२ या एन्झाइमचा हा प्रताप. आपल्यात निम्म्याहून अधिक लोक 'हळू' गटातले. त्यांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास जास्त. मद्रासला १९५६ साली क्षयरोग उपचारांवरच्या संशोधनाचं केंद्र सुरू झालं. आठवड्यातून एकदा औषध दिलं तर 'झपाट्याने' संपवणाऱ्या रुग्णांत उपचार कमी पडतो, हे तिथल्या चाचण्यांतून स्पष्ट झालं. यावर उपाय प्रत्येक रुग्णाचं एनएटी२ तपासणं हा नव्हता. औषध जास्त वेळा द्यायचं, आणि मुंग्यांसाठी सोबत ब६ जीवनसत्त्व. लाखो रुग्णांना फायदा, लाळेचा एकही थेंब न घेता. १९५९ साली जर्मनीच्या फोगेल यांनी या विषयाला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिलं, तेव्हा आयसोनियाझिड हे त्याचं एक ठळक उदाहरण होतं.

कोलेस्टेरॉलचंही तसंच. २००३ साली फ्रान्समधल्या काही घराण्यांत पीसीएसके९ जनुक जास्त काम करतं म्हणून कोलेस्टेरॉल भयंकर वाढतं, हे सापडलं. मग अमेरिकेत उलटी माणसं सापडली: कृष्णवर्णीयांत काहींचं हेच जनुक निकामी, आणि त्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २८ टक्क्यांनी, हृदयरोगाचा धोका तर ८८ टक्क्यांनी कमी. निसर्गानेच प्रयोग करून दाखवला होता. त्यावरून तयार झालेली इंजेक्शनं २०१५पासून बाजारात आहेत, आणि ती घ्यायला तुमचं पीसीएसके९ कसं आहे हे तपासावं लागत नाही. बाबांचं एलडीएल स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीच्या पुऱ्या डोसवरही उतरलं नाही तर डॉक्टर हा विषय काढतील. महाग आहेत.

डायबेटिसबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय की आजोबांपासून आहे. आपल्याकडे कुणाच्या घरी नाही? पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, ब्रिटिश बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलोने हलकी; पण हा कमीपणा स्नायू आणि अवयवांतला, चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. बारीक दिसणारा, पोट सुटलेला आणि साखर वाढलेला मध्यमवयीन माणूस आपण रोज सुरसागर तलावाला फेऱ्या मारताना पाहतो, त्याची सुरुवात आईच्या पोटात होते. या प्रकारच्या डायबेटिसमध्ये शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. त्यांची बेरीज करून काढलेला आकडा तुम्हाला संध्याकाळी चालायलाच सांगणार, आणि ते मीही फुकट सांगते.

अपवाद एक: घरात कुणाला २५च्या आत, सडपातळ असताना साखर निघाली, आणि तीन पिढ्यांत तसंच चालत आलंय? तर मोडी नावाचा, एकाच जनुकाचा डायबेटिस असू शकतो. एचएनएफ१ए बिघडलेलं असेल तर ग्लिक्लाझाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळीला तो सुरेख दाद देतो आणि इन्शुलिन सुटू शकतं. जीसीके बिघडलेलं असेल तर साखर आयुष्यभर किंचित वाढलेली राहते आणि बहुधा औषधच लागत नाही. सहा महिन्यांच्या आत डायबेटिस झालेल्या बाळांची तर गोष्टच और: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केसीएनजे११ जनुकात दोष असलेल्या ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचं इन्शुलिन सुटलं, ते गोळ्यांवर आले. असं बाळ कुणाच्या घरी असेल तर तपासणीसाठी एक दिवसही थांबू नये. चेन्नईत यावर चांगलं काम चालतं.

जाता जाता एक गोष्ट, तुमच्यासाठी नसली तरी इथल्या वाचणाऱ्या डॉक्टरांसाठी. छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहालकडून येणाऱ्या रुग्णांत सिकलसेल आणि जी६पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता दोन्ही दिसतात. लाल पेशी लवकर मरत असतील तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खोटंच कमी येतं. बोटाची साखर २४० आणि एचबीए१सी ६ असं आलं की प्रयोगशाळेला दोष देण्याआधी लाल पेशींकडे बघा. फ्रुक्टोसामिन करा किंवा सरळ जेवणाआधीच्या-नंतरच्या साखरेवर चाला. याच रुग्णांना मलेरियासाठी १४ दिवसांची प्रायमाक्विन देताना जी६पीडी पाहायलाच हवं. ती तपासणी कुठल्याही लाळेच्या किटपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी.

किटबद्दल माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. बऱ्याच याद्या युरोपीय लोकांत काय सापडतं त्यावरून बनलेल्या असतात. उदाहरण ॲझाथायोप्रिनचं, आतड्यांच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये देतात. तिने पांढऱ्या पेशी धोकादायकपणे घसरतात तेव्हा पाश्चात्त्य रुग्णांत दोष बहुधा टीपीएमटी जनुकात असतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा एनयूडीटी१५मध्ये असतो, आणि हे २०१४ साली कोरियातल्या संशोधनानंतर जगाला कळलं. किटात एनयूडीटी१५ नसेल तर रिपोर्ट हिरवा येणार आणि रुग्णाच्या पांढऱ्या पेशी कोसळणार. आपल्या देशाचा नकाशा आता कुठे तयार होतोय: जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले गेले, आणि ती माहिती जानेवारी २०२५मध्ये संशोधकांना खुली झाली. शेकडो वर्षं आपापल्या जातीत लग्नं करत आल्यामुळे इथल्या एकेका समाजात एखादा दुर्मीळ दोष एकवटलेला असू शकतो. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात स्कोलिन या, भूल देताना स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर लवकर न उतरण्याचा दोष बराच दिसतो; साध्या शस्त्रक्रियेनंतर माणूस कितीतरी वेळ स्वतः श्वास घेऊ शकत नाही, व्हेंटिलेटरवर ठेवावा लागतो. गायकवाडांबरोबर आलेल्या आपल्या मराठी कुटुंबांचा असा वेगळा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. म्हणून एक वही करा आणि त्यात आत्या, मामा, चुलत्यांकडून विचारून लिहा: भूल दिल्यावर कुणाला जागं व्हायला फार वेळ लागला का, कोणत्या गोळीने कावीळ झाली, कोणत्या गोळीने पुरळ आलं, मलेरियाच्या औषधाने कुणाची लघवी काळी झाली का.

या आठवड्यात एवढं करा. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. दोनच प्रश्न विचारा: ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल चालेल का, आणि बाबांच्या स्टेंटचं स्वरूप पाहता सीवायपी२सी१९ तपासून काही निर्णय बदलणार आहे का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर तपासणीचे पैसे वाचवा. आईंच्या गोळीचं नाव जुन्या फाइलमधल्या डिस्चार्ज कार्डावर मिळेल. फाइल हरवली असेल तर जिथे दाखल होत्या तिथल्या रेकॉर्ड विभागात साल सांगून अर्ज करा. नाव मिळेपर्यंत कार्डावर वरच्या चारही गोळ्यांची नावं लिहून ठेवा.